क्रमांक एकसष्ट

मशीनकाकांचा राजीनामा टेबलावर. कारण: घरगुती.

मेंदूशास्त्रज्ञ बाईंनी पेन उघडलं. वीस वर्षं त्या एकच गोष्ट मोजत होत्या: दुःखातून माणूस सावरतो कसा. आणि वीस वर्षं मेंदूची छायाचित्रं काढणारं मशीन चालवत होते हे काका. बायको गेली, तरी आठव्या दिवशी कामावर हजर.

"खंबीर माणूस. दमले असतील आता," बाई म्हणाल्या.

नोंदी ठेवणाऱ्या ताईंनी वही पुढे सरकवली.

क्र. ६१. पुरुष, ५६. पत्नीचं निधन. पहिली भेट हजर. दुसरी गैरहजर. तिसरी गैरहजर. शेरा: रस नाही, वगळावे.

"हे कोण?"

"काका. आपल्या अभ्यासात स्वतःहून नाव दिलं होतं. शेरा तुमच्या अक्षरात आहे."

"मला फक्त क्रमांक दिसतो, ताई. आणि दोन भेटी चुकल्या की वगळायचं, हा नियमच आहे."

"भेट चुकली तेव्हा ते दहा पावलांवर मशीनपाशी बसले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!" ताई थांबल्या नाहीत. "यायचे थांबले त्यांना आपण वगळतो, म्हणून तर आपल्याकडे दहातले आठ सावरलेले दिसतात. पाणी किती खोल होतं, हे आपण फक्त पार गेलेल्यांना विचारतो."

बाईंनी पेन मिटलं.

काका मशीनचा पलंग पुसत होते.

"सही झाली?"

"नाही. दुसऱ्या भेटीला का आला नाहीत?"

"पहिल्या भेटीच्या फॉर्मवरचा प्रश्न चौदा. मन जड झालं तर कोणाशी बोलता? खाली चार पर्याय. पहिलाच, जोडीदार." काकांनी फडकं पिळलं. "पुढे गेलोच नाही. प्रश्न चांगला आहे हो, चूक नाही काढत."

"मीच लिहिलाय तो."

"ठाऊक आहे."

"घरी बसून काय करणार?"

"भिंतींशी बोलेन. मध्ये तोंड घालत नाहीत."

बाई त्या ओल्या पलंगावरच बसल्या. "मी फॉर्म आणलेला नाही, काका. बोला."

काका चाळीस मिनिटं बोलले. दुसऱ्या दिवशी समुपदेशकाकडे दोघं मिळून गेले. "राजीनाम्याचं मग बघू," काका परतताना म्हणाले.

या अभ्यासावरचा बाईंचा लेख त्या महिन्यात छापायला गेला नाही. वगळलेल्या तेवीस जणांना आधी फोन गेले. चौदांनी उचलले. एकीने रडून ठेवून दिला, मग स्वतःच पुन्हा केला.

वाचकहो, आपल्यातला जो कोणी यायचा थांबतो, त्याला रस उरला नाही असं आपण ठरवून टाकतो. ते आपल्या सोयीचं असतं. सावरणं एकट्याच्या ताकदीवर होत नाही. कोणीतरी उठून विचारायला जावं लागतं.