वॉर्डातला जावई

"हिरवाच आहे ना? मग झालं तर," असं म्हणून आईनं डोळे मिटले आणि लगेच उघडले. "पुन्हा एकदा बघ गं."

मी पुन्हा पाहिलं. तिच्या उशामागच्या भिंतीवर तळहाताएवढा पडदा होता आणि त्यावर एक आकडा. पडल्या पडल्या तिला तो दिसत नव्हता, म्हणून दुपारपासून मीच तिची मान झाले होते.

"हिरवा आहे."

"हं. मग मला असं का होतंय?"

"कसं होतंय?"

"सांगता येत नाही. कुणीतरी दार उघडं टाकून गेल्यासारखं वाटतंय."

आदल्या दिवशी तिचं पित्ताशय काढलं होतं. पोटावर बारीक छिद्रं पाडून करतात तसलं साधं ऑपरेशन. ज्या वॉर्डात ती जन्मभर सिस्टर होती, त्याच वॉर्डात आता ती खाटेवर होती. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. सकाळी तिनं चादरीच्या घड्यांना नावं ठेवली होती, सलाइनच्या स्टँडचं चाक कुरकुरतं म्हणून वॉर्डबॉयना फैलावर घेतलं होतं. दुपारी मात्र जेवणाचं ताट न बघताच बाजूला सारलं आणि गप्प झाली. आई गप्प बसणं ही आमच्या घरात बातमी असायची.

पडद्यावर आकडा दाखवणाऱ्या यंत्राचं नाव 'जावई'. ते तिनंच ठेवलं होतं. यंत्र दवाखान्यात यायचं ठरलं तेव्हा त्याच्यासाठी खालची एक खोली रिकामी केली, रंगवली, थंड केली. मोठे साहेब रोज त्याची विचारपूस करायला यायचे. तो काही बोलला की सगळ्यांनी धावायचं. "आमच्या पोरीनं आणला नाही, म्हणून दवाखान्यानं दिला," असं आई चारचौघांत म्हणायची, आणि मी तिथे असले तर मुद्दाम माझ्याकडे बघून म्हणायची.

जावयाचं काम एकच होतं. प्रत्येक पेशंटच्या नोंदी वाचायच्या आणि कुणाची तब्येत बिघडणार आहे ते आधी सांगायचं. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे पळा. नर्सच्या हातात फोनसारखं एक यंत्र असे. ते वाजलं की त्यानं सांगितलेल्या खाटेकडे जायचं.

आई त्याच्या विरुद्ध नव्हती. उलट कुणी त्याची टिंगल केली की ती पेपरवाल्याची गोष्ट सांगायची. एक पेशंट मजेत पेपर वाचत बसला होता. आई त्याच्याशी दोन शब्द बोलून पुढे गेली, आणि मागून जावई लाल झाला. "मी म्हटलं, चुकला मेला. तरी परत गेले. गेले म्हणून तो माणूस वाचला. मी आपणहून गेले नसते हो, खरं सांगते." माझा मामा म्हणायचा, हा सगळा फुगा आहे, चार दिवसांत फुटेल. मी दोन्ही बाजूंचं पुष्कळ वाचलं होतं. कुणी विचारलं असतं तर कुठल्याही बाजूनं तासभर बोलू शकले असते. त्या दुपारी त्या वाचनातलं एक वाक्यही माझ्या उपयोगी पडलं नाही.

मी उठून नर्सला शोधून आणलं. आईच्या हाताखाली तयार झालेली, आई तिला चिमणी म्हणायची. सतत चिवचिव.

"काय झालं सिस्टर? जेवला नाहीत म्हणे. तुम्हीच असं केल्यावर बाकीच्यांना काय सांगू मी?"

"खांदा दुखतोय गं," आई म्हणाली.

"गॅसचा असणार. पोटात गॅस भरतात ना ऑपरेशनला. तुम्हीच शिकवलंय आम्हाला." तिनं माझ्याकडे बघून पडद्याकडे हनुवटी केली. "आकडा बघा की ताई. माझ्यापेक्षा हिरवा आहे."

तिच्या हातातलं यंत्र थरथरलं. "आले रे बाबा. बघा, जरा उशीर झाला की रुसतो." आणि ती गेली.

"तिचं काही चुकलं नाही," आई म्हणाली. "मीही हेच बोलले असते." मग म्हणाली, "पण नंतर परत येऊन गेले असते. उगीचच."

मी तिच्या कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता. कपाळ ओलसर मात्र होतं.

"तुला तो चष्मेवाला इंजिनियर आठवतो?" तिनं विचारलं. "माझ्या निरोपाच्या दिवशी आला होता बघ."

"जावयाला घेऊन आलेला सोयरा?"

"हो. चहा पिता पिता म्हणाला, सिस्टर, एक गंमत सांगू? हा नेमकं कशावरून ओळखतो ते आम्ही आत उघडून बघितलं. आम्हाला वाटत होतं बीपी, ताप, रक्ताचे रिपोर्ट. ते तर बघतोच. पण सगळ्यात जास्त काय बघतो माहितीये? नर्स त्या खाटेकडे किती वेळा गेली ते."

"म्हणजे?"

"अगं, त्याला आमच्या जुन्या नोंदी खाऊ घातल्या होत्या ना. त्यात त्याला दिसलं, की वेळ झालेली नसताना नर्स जाऊन जिथे बीपी घेते, तो पेशंट पुढे बिघडतो. मग त्यानं तेच धरून ठेवलं."

"म्हणजे तो पेशंटकडे बघतच नाही?"

"बघतो गं. पण त्यापेक्षा आमच्याकडे जास्त बघतो."

"मग तू काय म्हणालीस?"

"हसले. बरंच वाटलं खरं तर. म्हटलं, माझ्या जिवावर शहाणा झाला मेला." तिनं कोरडे ओठ ओले केले. "घरी आल्यावर भीती वाटली. तो आला आणि साहेबांनी माणसं कमी केली. आता कुणी आपणहून जात नाही. तो बोलावेल तिकडेच जायचं. आणि कुणी गेलंच नाही, तर त्याला कळणार कसं?"

"आणि तो पेपरवाला?"

"ते त्याचं त्यानं पकडलं होतं. रक्तात काहीतरी दिसलं असेल. तेच तर. एकदा असं खरंखुरं पकडतो, म्हणून मग माणूस निर्धास्त होतो."

मी पडद्याकडे पाहिलं. आकडा तोच होता, रंगही तोच होता. पण आता मला तो वेगळाच वाचता येऊ लागला. इथे सगळं ठीक आहे, असं तो म्हणत नव्हता. इथे कुणी आलेलं नाही, एवढंच कदाचित तो सांगत होता. त्या लांब खोलीत दोन्ही बाजूंना खाटा होत्या आणि प्रत्येकीच्या मागे एकेक हिरवा ठिपका.

"मग आपण त्यांना यायला लावू," मी म्हणाले. "पुन्हा पुन्हा बीपी घ्यायला सांगते."

"नको."

"का नको?"

"वॉर्डात दोघीच आहेत. एक इथे गुंतली की बाकी सगळ्यांना एकटीच उरते. त्या दारापाशच्या आजी बघितल्यास? सकाळपासून कुणी फिरकलं नाही त्यांच्याकडे. बोलता येत नाही त्यांना. त्यांचाही हिरवाच आहे."

"आई, मला त्या आजींचं काय करायचंय?"

"तुला नसेल. मला आहे."

हेच तिचं सगळं आयुष्य. आमच्या शाळेच्या कार्यक्रमांत तिची खुर्ची रिकामी राहायची ती असल्याच कुणा आजींसाठी. मी चिडून काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती आणि बोटं गार होती.

"पण मला घाबरायला होतंय गं," ती म्हणाली.

हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. बाबा गेले तेव्हाही नाही. परवानगी मागावी तसं तिनं ते हळूच म्हटलं. मी उठले.

चिमणी आली, बीपी घेतलं, ठीक आहे म्हणाली, गेली. थोड्या वेळानं मी पुन्हा तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. ती पुन्हा आली. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा दंडावर पट्टा गुंडाळता गुंडाळता तिचे हात थांबले.

"ताई, तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"काय?"

"चिमटा." तिनं आवाज खाली आणला. "जावयाला चिमटा काढणं म्हणतो आम्ही. मनात शंका आली की तीन-चार वेळा जाऊन बीपी घ्यायचं, म्हणजे तो जागा होतो. सगळ्याजणी करायचो. आता वरून विचारणा होते, विनाकारण नोंदी का केल्या म्हणून. मला एकदा समज मिळालीये."

"राहू दे गं पोरी," आई म्हणाली. "कशाला तुझ्या नावावर."

"तुम्ही गप्प बसा सिस्टर."

हा आवाज आईचा होता. आई पेशंटना असंच गप्प करायची. चिमणीनं यंत्र खिशात टाकलं आणि आईच्या मनगटावर बोटं ठेवली. तिची चिवचिव बंद पडली. तिनं पट्टा फुगवला, नोंद केली, हवा सोडली आणि पुन्हा फुगवला.

आकडा पिवळा झाला.

मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला. त्याच क्षणी चिमणीच्या खिशातलं यंत्र वाजू लागलं. ती जिथे उभी होती त्याच खाटेकडे तिनं तातडीनं जावं, असं ते सांगत होतं.

"आला बाई जावई," आई डोळे न उघडता म्हणाली. "बरोब्बर पानं वाढल्यावर."

चिमणी हसता हसता रडायला आली होती. त्यानंतर सगळं भराभर झालं. आकडा लाल झाला, डॉक्टर धावत आले. तरुण होते, सभ्य होते. त्यांनी आईच्या पोटावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलताना मी पाहिला. "आत गळती आहे. लगेच खाली घ्यावं लागेल," ते म्हणाले. मग मला धीर द्यायला म्हणाले, "सिस्टमनं पकडलं, ते एक बरं झालं."

चिमणीनं माझ्याकडे पाहिलं.

आई परत आली नाही. पोटात विष पसरलं होतं. ऑपरेशन झालं, पण ती शुद्धीवर आली नाही.

नंतर घरी माणसं भेटायला येत तेव्हा हा वाद व्हायचाच. मामा म्हणायचा, "तरी मी सांगत होतो, फुगा आहे. त्या डबड्यावर भरवसा ठेवला नसता तर माझी बहीण आज असती." मावसभाऊ म्हणायचा, "अहो मामा, दोघी नर्स आणि एवढा मोठा वॉर्ड. यंत्रानं बोंब मारली म्हणून डॉक्टर तरी आले." मग दोघंही माझ्याकडे बघायचे, मी शिकलेली म्हणून. मी कप गोळा करून आत जायचे. दोघंही खरं बोलत होते, आणि मला ज्याची भीती वाटते ते दोघांच्याही बोलण्यात नव्हतं. त्या दुपारच्या नोंदी आता त्याच्या पोटात गेल्या असतील. चिमणीचे हात, माझ्या फेऱ्या, आईची गार बोटं, हे सगळं त्याला आकडा होऊन मिळालं. आईसारख्यांनी वर्षानुवर्षं केलेल्या काळजीवर तो शहाणा झाला. ती काळजी करायला कुणी उरलं नाही, की तो काय खाणार? कुठल्याही दवाखान्यावरून जाताना मी हल्ली वरच्या खिडक्यांकडे बघत नाही.

त्या दुपारी आईला खाली नेताना मी तिच्या बाजूनं चालत होते. स्ट्रेचर वॉर्डच्या दारापाशी पोचलं तेव्हा ती म्हणाली, "थांबा जरा."

"सिस्टर, वेळ नाहीये," डॉक्टर म्हणाले.

"माहितीये. थांबा."

तिचा शब्द ते लोक इतकी वर्षं ऐकत आले होते की स्ट्रेचर थांबलं. आईनं हात लांब केला. दारापाशच्या आजी छताकडे बघत पडल्या होत्या. आईनं त्यांचं मनगट बोटांत धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ओठ हलत होते. स्ट्रेचर ओढणारे उभे राहिले, डॉक्टरही उभे राहिले. आजींनी मान वळवून आईकडे पाहिलं. कुणी आपला हात धरलाय याचं त्यांना नवल वाटलं असावं.

आईनं हात सोडला. तिला काय कळलं, काही कळलं की नाही, ते मला माहीत नाही. तिनं फक्त चिमणीकडे बघितलं आणि म्हणाली, "यांच्यापाशी थांब."

"सिस्टर, मी तुमच्याबरोबर येते ना खाली."

"माझ्याबरोबर खूप जण आहेत."

चाकं पुन्हा कुरकुरली. लिफ्टचं दार उघडलं. खिशातलं यंत्र वाजत असताना चिमणी त्या खाटेकडे वळली, स्टूल ओढून बसली आणि तिनं आजींचा हात आपल्या हातात घेतला. मला ती आमच्याबरोबर यायला हवी होती. आईनं डोळे मिटले होते.