आधी कतरणीवर

बोलायला माझ्याकडे दोन स्पीकर आहेत. त्यातला डावा फाटका आहे, म्हणून थोडं खरखरेल. मी पाट्यांच्या दुकानातला संगणक. माझ्या पोटाचं झाकण कायम उघडं असतं, कारण ते लावलं की मला गरम होतं. धूळ बसते, पण काम थांबत नाही.

मला कुठल्या कारखान्याने तयार केलं नाही, दादाने जोडलं. दादा म्हणजे या दुकानाचा मालक. पेटी एका बंद पडलेल्या ऑफिसातून, डिस्क दुसरीकडून आणि पंखा तिसऱ्याच संगणकातून काढलेला. जमिनीवर चादर पसरून त्याने दोन दिवस माझी जुळवाजुळव केली. पहिल्यांदा चालू झालो तेव्हा तो म्हणाला, "बोल रे बाबा काहीतरी." मी एकदा बीप केलं. तेवढ्यावर तो खूश.

माझ्या शेजारी कटर आहे. मी अक्षरं दाखवायची आणि त्याने ती रंगीत चिकट रोलवर कापायची, असं आमचं गेली अकरा वर्षं चाललंय. रोलचे उरलेले तुकडे, म्हणजे कतरण, टेबलाखालच्या खोक्यात. दुकानांच्या पाट्या, दारावरची नावं, 'येथे गाडी लावू नये'. ज्यांनी ही पाटी करून घेतली, त्यांच्याच दारात सगळ्यात जास्त गाड्या लागतात, असं दादा सांगायचा.

दादाचा धाकटा भाऊ त्याच्याच हाताखाली शिकला. शाळा त्याने लवकर सोडली. हात सोन्याचा, पण लांबलचक वाचायचं म्हटलं की अंगावर काटा. आणि घाई तर अशी, की चहासुद्धा ओतायच्या आधी प्यायला निघेल. दादा बाहेर पाटी लावायला गेला की मागे चिठ्ठी ठेवायचा. धाकटा ती अर्धीच वाचायचा आणि काम बिघडवायचा. मग दादाने चिठ्ठ्या बंद केल्या. तो माझ्या माईकसमोर बसून बोलायला लागला. प्रत्येक कामाच्या चित्राशेजारी त्या कामाचा आवाज. धाकट्याने चित्र शोधायचं, आवाज लावायचा आणि कामाला लागायचं. असे एकसष्ट आवाज माझ्यात जमले.

चार महिन्यांपूर्वी दादाला ताप आला. पाचव्या दिवशी तो गेला.

नंतर धाकटा दुकान उघडायचा, पण दादाच्या खुर्चीत बसायचा नाही. उभ्यानेच माझा माऊस हलवायचा. जुनी कामं पुन्हा यायची. त्यांचे आवाज शेजारीच होते, पण त्याने एकही लावला नाही. आठवून आठवून काम करायचा. दोन पाट्या उलट्या कापल्या, एकीवरचा रंग चुकला. वहिनी, म्हणजे दादाची बायको, वरच्या मजल्यावरून डबा घेऊन यायची आणि माझ्याकडे न बघता परत जायची. तिलाही ठाऊक होतं माझ्यात काय आहे ते.

अशात माझ्या पडद्यावर एक सूचना यायला लागली. तुमची सिस्टिम जुनी झाली आहे, आता तिला सुरक्षेची दुरुस्ती मिळणार नाही. धाकटा ती रोज फुली मारून घालवायचा. पण एका कारखान्याकडून धोक्याच्या पाट्यांचं वर्षभराचं काम आलं. त्यांचं म्हणणं, मागणी आमच्या साईटवरून उतरवून घ्या. ती साईट माझ्यावर उघडेना. हे काम गेलं तर दुकान चालवणं कठीण, हे धाकट्याला वाचून दाखवायची गरज नव्हती.

त्याने दुरुस्तीवाल्या ताईला बोलावलं. ती आली, माझ्या उघड्या पोटात बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाली, "बापरे, हा अजून जिवंत आहे?"

"आहे. आणि राहणार," धाकटा म्हणाला.

"मग ऐका, भाऊ. नवी सिस्टिम याला घेत नाही. प्रोसेसर बसत नाही तिच्या नियमात. जबरदस्तीने घालता येईल, पण पुढे तिने कधी नाक मुरडलं तर माझ्याकडे येऊ नका. दुसरं, फुकटवाली सिस्टिम आहे. हलकी आहे, याच्यावर पळेल. तुमचा कटर तिला ओळख देईल का, ते सांगता येत नाही. तिसरं, नवा संगणक."

"आणि काहीच नाही केलं तर?"

"तर हा असाच चालेल. फक्त इंटरनेट लावलंत, की दार उघडं टाकून झोपल्यासारखं."

"मग सगळ्यात लवकर काय होईल?"

ताई हसली. "लवकर तर याला खिडकीतून फेकणं होईल. आधी आतलं सगळं दुसरीकडे काढून ठेवा. मी परवा येते, मग ठरवू."

परवापर्यंत थांबेल तो धाकटा कसला! दुसऱ्या दिवशी दुपारी तो एका मित्राकडून पेन ड्राइव्ह घेऊन आला. त्यात ती फुकटवाली सिस्टिम होती. दुसऱ्या एका पेन ड्राइव्हवर त्याने माझ्या पडद्यावरची सगळी चित्रं आणि सगळे आवाज उचलून ठेवले. चटकन झालं, म्हणून खूश झाला. तो पेन ड्राइव्ह त्याने वर नेऊन वहिनीला दिला. "तुझ्या लॅपटॉपवर टाकून ठेव. दादाचं सगळं आहे त्यात." आणि खाली येऊन मला मित्राच्या पेन ड्राइव्हवरून चालू केलं.

इथे त्याची चूक सांगायला हवी. दादाने खऱ्या फायली पडद्यावर ठेवल्याच नव्हत्या. त्या आत, दुसऱ्या कप्प्यात होत्या. पडद्यावर होती ती फक्त खूण. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण असतो, तो हेच सांगतो की खरी वस्तू इथे नाही, तिकडे आहे. धाकट्याला तो बाण रोज दिसायचा. त्याला वाटायचं, ती नक्षी आहे. त्याने बोट दाखवणारे हात उचलून नेले आणि माणूस माझ्यातच राहिला.

माझ्या पडद्यावर प्रश्न आला. या डिस्कवरचं सगळं पुसून नवी सिस्टिम टाकायची का? प्रश्न लांब होता. धाकट्याने पहिले दोन शब्द वाचले आणि 'पुढे'च्या बटणाकडे माऊस नेला. मला 'नको' म्हणता येत नाही. तेवढी सोय आमच्यात ठेवलेली नाही.

"भावोजी!"

वहिनी एरवी त्याला नुसतं 'अरे' म्हणते. भावोजी म्हणाली की समजायचं, काहीतरी बिनसलंय. ती ओल्या हातांनीच जिना उतरून आली होती.

"हात काढ तिथून. एकही उघडत नाहीये. एकसुद्धा नाही!"

"तुझ्या लॅपटॉपला येत नसेल उघडता."

"सगळ्या फायली मिळून एका फोटोएवढ्यासुद्धा नाहीत. एकसष्ट आवाज एवढ्याशा जागेत मावतात होय? तू ऐकून बघितलंस का एक तरी?"

धाकट्याने ऐकून बघितलं नव्हतंच. ऐकायचं नव्हतं, म्हणूनच तर घाई होती. त्याने माऊस सोडला, पेन ड्राइव्ह काढला आणि मला पुन्हा जुन्या सिस्टिमवर चालू केलं. मला यायला नेहमीसारखी चार मिनिटं लागली. दोघं उभे होते.

"लाव एक," वहिनी म्हणाली. "आहेत का बघू दे."

त्याने बेकरीच्या पाटीशेजारचा लावला.

माझ्या फाटक्या स्पीकरमधून दादा बोलला. "ऐक रे. बेकरीची पाटी. अक्षरं लाल, कडा पांढरी. नवं पातं घातलंय कटरला. आता तू थेट रोलवर जाणार, मला माहितीये. जाऊ नकोस. आधी कतरणीवर, गाढवा. ती कतरण काय मी उशीत भरायला ठेवलीय? एक अक्षर काप, बघ, मग रोलला हात लाव. आणि जेवून घे." मग खुर्ची करकरली. "झालं. हे बंद कसं करायचं असतं..."

वहिनीने ओले हात तोंडाला लावले. धाकटा दादाच्या खुर्चीत बसला. चार महिन्यांत पहिल्यांदाच. बराच वेळ रडला, लहान मुलासारखा, आवाज करून. वहिनीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

मग शर्टाने नाक पुसून तो म्हणाला, "वहिनी, याची कतरण कोणती?"

ताई आली तेव्हा त्याने तिलाही हेच विचारलं. तिला आधी कळेना. कळलं तेव्हा म्हणाली, "अहो भाऊ, हे एवढं शहाणपण आमच्या धंद्यातल्यांना सुचत नाही." तिने एक जुनी, कोणाला नको असलेली डिस्क आणली. माझी खरी डिस्क काढून, आतला कण न् कण आधी उतरवून घेतला आणि ती बाजूला ठेवली. मग त्या कतरणीवर प्रयोग सुरू झाले.

जबरदस्तीने घातलेली नवी सिस्टिम माझ्यावर चालू झाली, पण म्हाताऱ्याच्या पाठीवर पोतं दिल्यासारखी. कटरला तिने ओळखच दिली नाही. फुकटवाली भराभर धावली. कारखान्याची साईट उघडली, मेल उघडली. मात्र दादाचं अक्षरं काढायचं जुनं सॉफ्टवेअर तिच्यावर चालेना. त्याच्या वळणदार अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले. धाकट्याने ते चौकोन कतरणीवर कापूनही बघितले. कापले मात्र सुंदर.

तेव्हा ठरलं ते असं. आता माझ्या पोटात दोन डिस्क आहेत. सकाळी मी फुकटवालीवर जागा होतो, कारखान्याची मागणी उतरवतो. मग धाकटा इंटरनेटची वायर काढून खिळ्याला टांगतो आणि मला जुन्या सिस्टिमवर चालू करतो. दिवसभर कटर आणि मी. कटकटीचं आहे, रोज चार मिनिटं जातात. त्या चार मिनिटांत तो आता एखादा आवाज आठवून गुणगुणल्यासारखा म्हणत बसतो.

एकसष्ट आवाज आता तीन ठिकाणी आहेत, आणि तिन्हीकडे धाकट्याने स्वतः शेवटपर्यंत ऐकून बघितलेत. त्याला दहा दिवस लागले.

माझं आता फार राहिलेलं नाही. पंखा अडखळतो. थांबेल तेव्हा मला खुशाल भंगारात द्या, माझी हरकत नाही. पेटीला कसली माया लावायची? फक्त तुमच्याही घरी असा एखादा म्हातारा संगणक असेल, तर काही पुसण्याआधी आत कोण आहे ते एकदा उघडून बघा. नुसते बाण नेऊ नका.

कालपासून वहिनी कटर शिकतेय. धाकट्याला पाटी लावायला बाहेर जायचं होतं, म्हणून तो माईकसमोर बसला, दोनदा खाकरला आणि म्हणाला, "वहिनी, ऐक. दवाखान्याची पाटी. अक्षरं हिरवी." मग त्याने कतरणीच्या खोक्याकडे बघितलं. "बाकी तुला माहितीच आहे."

तो बासष्टावा आवाज. तोही मी नीट ठेवलाय.