जोडातली टीप

"ही टीप कुणाची?" मोनिकानं गोधडी टेबलावर उलटी टाकली आणि चौदा बायांची चौदा मशिनं एकदम गप झाली.

मोनिका ऑर्डरी आणायची, म्हणून तिचा आवाज चालायचा. पुण्याच्या दुकानानं सहा गोधड्या परत पाठवल्या होत्या. तेर गावच्या या बायांची सगळी मिजास एकाच गोष्टीची: तुकडे जिथं जोडले, त्या जोडाच्या अगदी खाचेतून टीप मारायची, म्हणजे वरून दोरा दिसतच नाही. इथं मात्र दोरा जोड सोडून रंगीत तुकड्यांवर खुशाल भटकत होता आणि मधोमध कापडाला फुगा आला होता. गठ्ठ्यावर नाव होतं कुलसुमबीचं.

कुलसुमबीनं नुसता हात फिरवला आणि तिला कळलं. काठापासून टीप मारत आत आलं की कापड ढकललं जातं, मधे गोळा होतं. म्हणून सुरुवात मधूनच करायची आणि बाहेर जायचं. हे तिनं इथल्या प्रत्येकीला शिकवलं होतं. शाहिस्ताला, आपल्या सुनेला, तर दोन वर्षं कानीकपाळी ओरडून. पण पोरीला भारी घाई, ती काठच धरायची. गेल्या महिन्यात कुलसुमबीनंच शब्द टाकून तिला इथं बसवलं होतं आणि तिच्या गोधड्या आपल्या गठ्ठ्यात घातल्या होत्या.

कुलसुमबी पोरीच्या बोलण्याची वाट बघत थांबली. चुकली तर चुकली, आपल्या तोंडानं सांगेल. एवढं बोलायला काय मोठी छाती लागते?

शाहिस्ता बोलली. खाली बघून बोलली.

"मॅडम, अम्मीला आता बारीक दिसत न्हाय. घरी सुई बी मीच ओवून देते."

सुई ओवायचं खरं होतं. कसली चलाख! पण मशीनवर कुलसुमबी डोळ्यांनी शिवतच नव्हती. जोडाखालचं कापड इस्त्रीनं एका अंगाला निजवलं की ती बाजू केसभर उंच होते, दुसरी खाली राहते. डाव्या हाताचं बोट त्या उतारावरून सरकवत ती टीप खालच्या अंगानं नेई. तीस वर्षं नेत होती. आत्ता बसून डोळे मिटून एक ओळ शिवून दाखवली असती, तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. आणि सुनेला आजच्या आज घरी जावं लागलं असतं. मग पोरानं, अक्रमनं, बायकोचं ऐकलं असतं की आईचं, हे कुलसुमबीला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. वर सगळ्या बायांसमोर घरची लक्तरं वेशीवर टांगायची ती वेगळीच.

"व्हय," ती म्हणाली. "मलाच दिसना झालंय."

बोलून गेली आणि स्वतःचाच संताप आला. पण शब्द गेला होता.

मोनिका तशी वाईट नव्हती. कुलसुमबीखालांना कामावरून काढत नाही, हे तिनं दोनदा ऐकवलं. कुलसुमबीचं मशीन शाहिस्ताला दिलं आणि कुलसुमबीला भिंतीकडेला सतरंजीवर बसवून त्याच सहा गोधड्या उसवायला दिल्या. जिला दिसत नाही म्हणून उठवली, तिला कापड न फाडता एकेक टाका उसवायचं काम! यात काही चुकतंय, असं एकीलाही वाटलं नाही. शेजारच्या मशीनवरच्या अयोध्याला तर दोरा घालण्यापासून कुलसुमबीनं शिकवलं होतं. तीसुद्धा मान खाली घालून शिवत राहिली.

दुपारी नवी गोधडी आली, मोठ्या पलंगाची. शाहिस्तानं ती सासूच्या मशीनवर पसरली. काठ धरला, सोडला, पुन्हा धरला. परत आलेल्या गोधड्यांची धास्ती आता तिलाही होती. मग बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं ती वाकली.

"अम्मी, कुठनं सुरू करू?"

कुलसुमबीनं ब्लेडनं टाका कापला, दोरा ओढून बाजूला टाकला.

"मला काय दिसतंय, बाई," ती म्हणाली, आणि पुढचा टाका बोटानं शोधू लागली.