सहावं इंजिन

इंजिन पापडाच्या डब्यात मावेना. रीनानं ते उभं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं, शेवटी तिरकं धरून वर सुती फडकं दाबलं आणि झाकण लावलं. चातुर्मासात या घरात पापड निघत नसत. पावसाळी हवेत त्यांना बुरशी धरते, म्हणून आषाढात डबा वरच्या फळीवर जायचा तो दिवाळीच्या सुमारास खाली यायचा. तिथं कोणी हात घालणार नव्हतं.

"संयम, गाडी कुठं गेली?" खाली बसून तिनं हळूच विचारलं.

साडेतीन वर्षांचा संयम फळीकडं बघत राहिला.

"लपवली. कोणी लपवली? मम्मीनं लपवली. म्हण बरं. लपवली."

तो काहीच म्हणाला नाही. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, प्रश्न विचारायचा, उत्तर आपणच द्यायचं, रोज तेच, आणि मग थांबायचं. रीना थांबण्यात पटाईत झाली होती. मूल खोकलं तरी थांबून ऐकायची, त्यात एखादं अक्षर आहे का म्हणून.

पुढं दुकानात तिचे सासरे, रमणलाल, कुणाला तरी मोटारीचं बेअरिंग दाखवत होते. नारायणगावात मोटार-पंपांच्या सुट्या भागांचं दुकान, दुकानामागं घर, घरावर माळा आणि माळ्यावर त्यांची विजेवर धावणारी छोटी रेल्वे. हयातभर त्यांनी तंबाखूला हात लावला नव्हता, चहासुद्धा अर्धाच घ्यायचे. पण पुण्या-मुंबईला मालाच्या खरेदीला गेले की येताना पिशवीत एखादं वीतभर लांबीचं इंजिन असायचं, नाहीतर दोन डबे. मालाच्या खोक्यांच्या फळ्या जोडून त्यांनी खोलीभर टेबल केलं होतं. प्लास्टरमध्ये बुडवलेल्या बँडेजचे डोंगर, वाळल्या शेवंतीच्या काड्यांची झाडं, मधे एक स्टेशन. स्टेशनला नाव नव्हतं. "नाव दिलं की लोक म्हणतात, ते असं नाही, तसं आहे," असं ते म्हणायचे.

दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की ते नातवाला घेऊन वर जायचे. आधी स्पिरिटच्या फडक्यानं रूळ पुसायचे. धूळ राहिली की गाडी अडखळते. मग गाडी सुटायची आणि शिडीखाली रीना कान देऊन उभी राहायची. संयमला चारच शब्द येत होते, आणि चारही त्या माळ्यावर जन्मलेले. आली. गेली. थांब. दादा, म्हणजे आजोबा. 'मम्मी' अजून यायचा होता.

आणि आषाढात, चातुर्मास बसला त्या दिवशी, आदल्या रात्री घरात सांगून ठेवल्याप्रमाणे रमणलालांनी जैन स्थानकात महाराजसाहेबांपुढं उभं राहून मर्यादेचं पचखाण, म्हणजे संग्रहाला आवर घालायचं व्रत, घेतलं. इंजिनं पाच, त्यापुढं नाही. घरात होती बारा.

"वय झालं," घरी येऊन ते म्हणाले. "सोडायला शिकलं पाहिजे. न्हाईतर शेवटी हातातून ओढून घेत्यात."

उरलेली सात घाटघरच्या शाळेला द्यायची ठरली. तिथल्या प्रतिभाबाई शाळेच्या पंपाचा स्टार्टर न्यायला आल्या होत्या, तेव्हा माळा बघून गेल्या होत्या. कोणती द्यायची यात रमणलालांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. चांगली चालणारी द्यायची. "पोरांना लंगडं इंजिन देऊन काय फायदा? लंगडी आपल्याकडं राहू देत, मी हाय की दवापाण्याला." सगळ्यांत सुरेख चालायचं ते निळं डिझेल. संयमचा पहिला 'आली' त्याच्यासाठीच होता. ते खोक्यात सगळ्यांत वर ठेवलं गेलं.

खोकं रीनाच्या ताब्यात देऊन ते दुकानात गेले. प्रतिभाबाई यायला तास होता. त्या तासात निळं इंजिन पापडाच्या डब्यात गेलं. बाईंना आकडा ठाऊक नव्हता. दिल्या वस्तूची मोजदाद सांगू नये, म्हणून सासऱ्यांनी, तिच्या पप्पाजींनी, तो सांगितलाच नव्हता. "शेठजींना सांगा, मुलं फार खूश होतील," असं म्हणत बाईंनी खोकं गाडीत ठेवलं. "हो, सांगते," रीना म्हणाली. आपला आवाज नेहमीसारखाच निघाला याचं तिला नवल वाटलं.

सासऱ्यांना विचारावं असं तिला एकदा वाटलं होतं. पण कुणाच्या व्रताच्या आड यायचं, आणि तेही सुनेनं? नवरा, प्रीतम, चाकणच्या कंपनीत, शनिवारी घरी येणारा. त्याला फोनवर सांगायला गेली तर तो म्हणाला होता, "अगं, एक खेळणं ऑनलाइन मागव ना दुसरं." खेळणं!

एक शब्द आणखी येऊ दे, मग नेऊन देईन, असं तिनं ठरवलं. सासूबाई, झमकूबाई, सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, स्थानकात गेल्या आणि पप्पाजींचा डोळा लागला की डबा खाली यायचा. निळं इंजिन स्वयंपाकघराच्या फरशीवर, रुळांशिवाय, संयमच्या बोटांनी धावायचं. मग परत फडकं, झाकण, फळी. "कुठं गेली? लपवली. कोणी लपवली? मम्मीनं लपवली."

श्रावण गेला. पर्युषण आलं. एका संध्याकाळी रमणलाल स्थानकातून आले ते टोपी काढायच्या आधी बोलले. "झमकू, महाराजसाहेबांना सांगून आलो. यंदा पाचवं, अपरिग्रहाचं व्रत एकदम कोरं. एक डाग न्हाई."

"तुमचं काय, तुम्ही आधीच साधू," झमकूबाई म्हणाल्या. "माझ्या बांगड्यांवर नका येऊ आता."

रीनाचा फुलका तव्यावर जळला. तो तिनं बाजूला काढला, आपल्या पानात घेतला आणि खाल्ला. उद्या घाटघरला जायचं, असं तिनं मनाशी म्हटलं. उद्या संयमला सर्दी झाली. परवा पाऊस होता.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पिंपरी पेंढारचा गेणभाऊ फूटव्हॉल्व्ह न्यायला दुकानात आला. रीना आत कणीक मळत होती. संयम दुकानात, काउंटरवर बसलेला.

"शेठ, झटकन द्या बरं. अंधाराच्या आत मळ्यात पोचायचंय. वाघानं कालच शेजाऱ्याची शेळी नेली."

"देतो राव. वाघाला सांग, शेठकडं गर्दी व्हती."

"तुमचं नाव सांगितलं तर तो उधारीवर मागंल." गेणभाऊ स्वतःच्याच विनोदावर हसला आणि संयमकडं वळला. "काय छोटे शेठ, आज तरी बोलणार का न्हाय? का पैसे पडत्यात बोलायला? आमचा आदेश बी असाच, पाच वर्साचा व्हईस्तवर मुका व्हता. आता शाळेतून तक्रार येती, लई बोलतो म्हणून. सांग बरं, तुझी गाडी कुठंय? झुकझुक गाडी?"

"मम्मीनं लपवली."

आवाज स्वच्छ होता. कणकेत रीनाचे हात थांबले. तिला पहिल्यांदा फक्त पहिलाच शब्द ऐकू आला. मम्मीनं. ती उभ्या जागी हसली, डोळ्यांत पाणी आलं, पिठाच्या हातानं ते पुसलं. उरलेला शब्द तिच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला.

तोवर दुकानात गलका झाला होता. "अगं झमकू! बोलला! आख्खं वाक्य बोलला!" रमणलाल काउंटर सोडून बाहेर आले होते. "कुठं लपवली रे राजा? दाखव, दादाला दाखव."

संयमनं त्यांचं बोट धरलं. पुढं तो, मागं रमणलाल, त्यांच्यामागं आतल्या खोलीतून धावत आलेल्या झमकूबाई, आणि चपला काढून गेणभाऊसुद्धा. अशी वरातच स्वयंपाकघरात शिरली. संयमनं फळीकडं बोट केलं. रीनाला 'नको' म्हणायचं होतं. गेणभाऊ उंच. त्यानं आपणहून हात वर करून डबा काढला.

"पापडात व्हय? भले!" त्यानं झाकण उघडलं, फडकं बाजूला केलं. "शेठ, हे तर लई भारी इंजान हाय!"

गेणभाऊनं एकदा शेठकडं पाहिलं, एकदा सुनेकडं, डबा ओट्यावर ठेवला. "निघतो मी. वाघाचं सांगितलंच," म्हणून तो गेला. थोड्या वेळानं परत आला, मान खाली घालून फूटव्हॉल्व्ह उचलून घेऊन गेला.

"कधीपासून?" रमणलालांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून, पप्पाजी."

"म्हंजे घरात सहा." ते गव्हाच्या कोठीवर टेकले. "आन् मी कोरं म्हणून सांगून आलो."

झमकूबाईंनी लगेच तोड काढली. "एवढं काय त्यात? संयमच्या नावावर करा. लोक बंगले करतात नातवाच्या नावावर."

"म्हणूनच नको."

निळं इंजिन संयमनं केव्हाच डब्यातून घेतलं होतं आणि सगळ्यांच्या पायांमधून ते चालवत होता. रमणलाल त्याच्याकडं बघत होते. बोलले ते रीनाशी.

"मला सांगायचं ना बेटा. आदल्या दिवशी नुसतं म्हणायचं, पप्पाजी, हे राहू द्या. मी पाचच्या जागी सहाचं पचखाण घेतलं असतं. पाच काय न् सहा काय. एकदा घेतलं की मात्र वाढवता येत न्हाई."

"मला वाटलं, तुमच्या व्रताच्या आड..."

"घ्यायच्या आदी कुठं व्रत व्हतं?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. तिच्याजवळ रागाला द्यायची उत्तरं तयार होती, आषाढापासून जमवलेली. त्यांतलं एकही इथं बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास धरला. पाण्याचाही थेंब नाही. "चूक माझी आहे, उपवास मी करते," रीना म्हणाली.

"तुझा तू कर, मी न्हाई म्हणत न्हाई. पण माझी मोजणी मी केली पायजे व्हती. खोकं तुझ्या हाती दिलं न् मोकळा झालो."

दिवसभर ती त्यांच्यावर नजर ठेवून होती. ओठ कोरडे पडलेत का, उठताना झोक जातोय का. दुपारी ते शिडी चढायला लागले तेव्हा ती संयमला कडेवर घेऊन मागोमाग चढली. वर टेबलाच्या कडेला पाच इंजिनं ओळीनं मांडलेली होती. संयमच्या हातातलं त्यांनी मागितलं नाही.

"एक द्यायचं. कोणतं?"

रीनानं संयमच्या हाताकडं बोट दाखवलं. बोट तिथं न्यायला तिला जोर लावावा लागला.

"ते न्हाई. त्याचं आत्ता कुठं तोंड उघडलंय."

मग तिनं लाल विजेचं इंजिन दाखवलं. ते धुळीत पडलेलं असायचं.

"हे? हे गेलं तर तुला कळणार बी न्हाई," ते किंचित हसले. "जे गेल्याचं कळत न्हाई ते दिलं कसलं?"

त्यांनी काळं वाफेचं इंजिन उचललं. त्यांचं सगळ्यांत पहिलं. लहानपणी आई-वडिलांबरोबर दर उन्हाळ्यात ते मारवाडात गावी जायचे, तशाच इंजिनामागं बसून. खिडकीतून तोंड काढलं की कोळशाचा कण डोळ्यात जायचा आणि आई पदराच्या टोकानं तो काढायची. आईबद्दल ते एवढंच सांगायचे. दोन वर्षं ते इंजिन चाललं नव्हतं.

'हे नको, पप्पाजी,' म्हणायला रीनानं तोंड उघडलं. संयमनं निळं इंजिन छातीशी घट्ट धरलं होतं, त्याचा श्वास तिच्या मानेला लागत होता. तिनं तोंड मिटलं. आतून तिला हायसं वाटलं होतं, आणि ते तिचं तिला समजलं.

"लंगडं द्यायचं न्हाई," रमणलाल म्हणाले. "उजेड धर."

तिनं मोबाइलची बॅटरी धरली. त्यांनी स्टुलावर बसून बारक्या स्क्रूड्रायव्हरनं पोट उघडलं, आतला काळा मळ कापसानं काढला, सुईच्या टोकावरून तेलाचा थेंब सोडला. स्क्रू दोनदा निसटला, दोनदा तिनं तो फळ्यांमधून शोधून दिला. त्यांना तहान लागली असणार. घशातून आवाज न करता ते आवंढा गिळत, आणि ती दर वेळी नजर दुसरीकडं वळवत होती. खालून झमकूबाईंनी हाक मारली, "अहो, उतरा आता!" त्यांनी पुढचा स्क्रू आवळला.

शेवटी रूळ पुसून त्यांनी ते ठेवलं आणि कंट्रोलरची कळ हळूच फिरवली. इंजिन जागच्या जागी थरथरलं. मग निघालं. डोंगरामागं गेलं, बिननावाच्या स्टेशनातून पुढं आलं, कुठंही न अडखळता.

"आली," संयम म्हणाला. आणि मग, "काळी आली."

रमणलालांनी आणखी एक फेरी होऊ दिली. मग कळ बंद केली, इंजिन दोन्ही हातांनी उचललं आणि रीनापुढं धरलं.

"बांध नीट. बाईंना फोन कर."

आजवर त्यांनी आपणहून एकही इंजिन तिच्या हाती दिलं नव्हतं. तिनं संयमला खाली सोडून ते घेतलं. दिसतं त्यापेक्षा ते जड होतं. पप्पाजी शिडीकडं वळले, एक हात भिंतीला धरून, पायरी चाचपत. ती तिथंच उभी राहिली. उजव्या हाताची मागची बाजू तिनं इंजिनाच्या पाठीला लावली, तापात संयमच्या कपाळाला लावायची तशी. ते अजून गरम होतं.