साथीच्या साली चावडीतला डेरा

मित्रांनो, मी मातीचा एक जुना डेरा. निजामाच्या अमदानीत युसूफ वडगावच्या म्हाळू कुंभाराने मला घडवले. जवळच्या एका गावाच्या चावडीत बसून मी वाटसरूंना गार पाणी पाजत असे. लोक माझ्या पाण्याची तारीफ करत, तेव्हा फार बरे वाटे.

एका हिवाळ्यात गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, साथ आली. आसपासची गावे ओस पडू लागली. आपणही रानात झोपड्या घालाव्यात, असे अर्जुनराव पाटलांचे मत होते. पण धान्याने भरलेल्या कणग्या टाकून जायला लोक तयार नव्हते.

"गावालाच विचारा, मालक," धोंडीराम नावाचा शेतकरी म्हणाला.

"वैद्य दवा देताना घरादाराला विचारतो का? ज्याला कळतं त्यानं ठरवावं," पाटील म्हणाले.

"वैद्य चुकला तर जीव आमचाच जातो. मग आमाला कावून विचारू न्हाई?"

पाटलांनी गावाला विचारायचे कबूल केले. माझे पाणी ओतून टाकले गेले. ज्याला जायचे त्याने माझ्यात चिंचोका टाकावा, राहायचे त्याने खडा, असे ठरले.

"बायांनाबी विचारा," दाराशी उभ्या असलेल्या गावातल्या बायनाबाई म्हणाल्या. कोणी लक्ष दिले नाही. माझ्या पोटात खडेच पडत राहिले. प्रत्येक आवाजासरशी मी धास्तावत होतो.

गाव राहिले. थोड्याच दिवसांत धोंडीरामाची सून सत्यभामा तापाने गेली.

"कणगीमागचे मेलेले उंदीर आमी बाया रोज झाडून टाकत होतो," बायनाबाई चावडीत येऊन म्हणाल्या. "इचारलं असतं तर सांगितलं असतं, साथ घरात शिरलीय म्हणून."

"म्हणून सांगत होतो, गर्दीचं ऐकू नये," पाटील म्हणाले. "आता शिपाई आणून घरं रिकामी करतो."

धोंडीरामाची मान खाली होती. "चूक आमची झाली. पण हाकललेली माणसं लपून परत येतील. पुन्हा विचारा, मालक. या खेपेला समद्यांना."

पाटलांनी मला स्वतः उचलून मधोमध ठेवले. बायकाही आल्या. चिंचोक्यांनी माझा तळ भरला आणि संध्याकाळपर्यंत गाव रानात गेले.

पाटलांनी आधीच हुकूम दिला असता तर सत्यभामा वाचली असती का? कदाचित वाचली असती. हा विचार मला अजून पोखरतो. पण त्यांचा हुकूम चुकला असता, तर तो फिरवायला कोण धजले असते?

आता मी चावडीच्या कोपऱ्यात धूळ खात पडलो आहे. अंगावरचा तडा खोल जात चालला आहे. मित्रांनो, मला जपा. पाणी भरू नका हवे तर. पण उद्या गावाला विचारायची वेळ आली, तर 'डेरा फुटलाय, आता पाटील सांगतील तसं,' असे कोणी म्हणू नये.