सासऱ्यांची सगळी बटणं
दोन साडू होते, एक शिंपी आणि एक दातांचा डॉक्टर. त्यांचे सासरे बँडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. दरवर्षी ते एका लेकीकडे महिनाभर राहायचे आणि रोज पहाटे गच्चीवर ट्रंपेटचा रियाज करायचे. यंदा कोणाची पाळी, यावरून दोघा साडूंचं काही जमेना. शेवटी रविवारी दुपारी शिंप्याच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून दोघं पोकरला बसले. कापड बेतायच्या टेबलावर पानं, आणि पैशांऐवजी बटणं. हरेल त्याच्या घरी सासरे.

डाव रंगात आला आणि शटरखालून वाकून खुद्द सासरे आत आले.

"पैज कसली लावलीय?" त्यांनी विचारलं.

शिंप्याला खोटं बोलणं कधीच जमलं नव्हतं. "तुमचीच, बाबा."

सासरे रागावले नाहीत. स्टूल ओढून म्हणाले, "मग मलाही पानं वाटा. मी जिंकलो तर मी ठरवीन."

नाही कोण म्हणणार? उशिरा आले म्हणून त्यांना शर्टाची मूठभर बटणं मिळाली. डॉक्टरापुढे तर डोंगर साचला होता. त्याला जरा कणव आली.

"बाबा, प्रत्येक डावात पानं बघायच्या आधीच थोडी बटणं सक्तीने लावावी लागतात," त्याने समजावलं. "ढीग लहान असला की थोडी थोडी लावत बसायचं नाही, त्यातच संपून जाल. पानं बरी असली तर सगळी पुढे सारायची, नाहीतर पानं टाकून द्यायची."

सासऱ्यांना यातलं 'सगळी' तेवढं पटलं. चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे पानं बरी की वाईट हा प्रश्नच नव्हता.

"सगळी," ते म्हणाले. पुढच्या डावातही सगळी. त्याच्या पुढच्याही.

शिंपी दोनदा दबला, तिसऱ्यांदा चिडून भिडला आणि राणी हातात असून बाद झाला. डॉक्टर मात्र चांगल्या पानांची वाट बघत राहिला. "माझा ढीग मोठा आहे, मला घाई नाही," असं म्हणत पानं टाकत गेला, आणि त्याची सक्तीची बटणं सासऱ्यांकडे सरकत गेली. डोंगराची टेकडी झाली, टेकडीचं वारूळ.

"आता तुमचा ढीग लहान झाला, जावईबापू," सासरे आपुलकीने म्हणाले. "सगळी लावा किंवा टाका."

त्याच डावात डॉक्टराच्या हातात राजांची जोडी आली. त्याने सगळी बटणं पुढे सारली.

"माझीही," सासरे म्हणाले. मग शिंप्याला पानं दाखवून विचारलं, "काय आहे हो हे?"

"दुर्री आणि सत्ती," शिंप्याने पडेल आवाजात सांगितलं.

टेबलावरची दोघांची सामाईक पानं एकेक करून उलटली. एक दुर्री निघाली. मग आणखी एक. तीन दुर्र्यांपुढे राजांची जोडी हरली. पेशंटने बोट चावल्यावर होतो तसा डॉक्टराचा चेहरा झाला.

सासऱ्यांनी निकाल दिला, "या वर्षी मी कुठेच जात नाही. तुम्ही दोघं महिनाभर माझ्याकडे राहायला या. दुकान आणि दवाखाना तिथूनही जवळच आहेत."

शिंप्याने जड मनाने बायकोला फोन लावला. तिची धाकटी बहीण तिथेच बसली होती. सगळं ऐकून थोरलीने विचारलं, "दोघांनाही? अख्खा महिना?"

"हो."

पलीकडे बराच वेळ दोघींची कुजबुज चालली होती.

"बाबांना सांगा," थोरली म्हणाली, "दोन महिने ठेवून घेतलंत तरी आमची काही हरकत नाही. तुमच्या बॅगा आत्ताच भरतोय."