डांबराखालचं भोक

मित्रांनो, माझ्या तळाला एक भोक होतं. ते ज्याने पाडलं, त्याला मी बुडवायचं ठरवलं होतं. पुढे काय झालं, ते ऐका.

मी एक कयाक आहे. एकाच माणसाने पाय पसरून बसावं आणि वल्हवत जावं, अशी अरुंद, पिवळी होडी. कारखान्यात प्लास्टिकची पूड साच्यात भरून, तो साचा भट्टीत गरागरा फिरवून मला घडवलं. तिथून मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका धरणावर नौकाविहारासाठी आले. दोन वर्षांत तो नौकाविहार बंद पडला, तेव्हा तिथे कामाला असलेल्या इंद्रजीत राठोडने मला महागावजवळच्या आपल्या तांड्यावर आणलं.

मला खरं चालवलं ते त्याच्या धाकट्या बहिणीने, उज्ज्वलाने. सुट्टीच्या दिवशी ती मला धरणात नेऊन गळ टाकायची, रोहू नाहीतर मरळ घेऊन यायची. परतल्यावर मला धुऊन-पुसून कडुनिंबाच्या सावलीत पालथी घालायची. तांड्यातल्या बाया म्हणत, या पोरीने होडीलाच मैत्रीण केलंय. ते ऐकून मला फार बरं वाटे.

मग उज्ज्वलाला कोकणात, खाडीकाठच्या एका शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली. जाताना तिने मला भावाच्या हवाली केलं. दुसऱ्याच महिन्यात त्याने मला गोठ्यासमोर ठेवून बैलांच्या पाण्याचं टाकं केलं. चार उन्हाळे मी तिथे काढले. बैल माझ्या काठाला शिंगं घासत. पाण्यात शेवाळ धरलं की मला उलटी करायचा इंद्रजीतला कंटाळा, म्हणून एक दिवस त्याने सळई तापवली आणि माझ्या तळातून आरपार घातली. भोकात लाकडाचं बूच ठोकलं. त्या दिवसापासून मी वाट पाहू लागले.

उज्ज्वला फोनवर माझी चौकशी करी. तो सांगे, सावलीत झाकून ठेवली आहे. मी दहा पावलांवरून ऐकत असे आणि एकेक शब्द मनात ठेवत असे.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत तिने भावाला बोलावलं. पावसाळ्यानंतर इथला समुद्र निवलाय, माझी डोंगी घेऊन ये, आपण मासे धरू, असं म्हणाली. इंद्रजीतने घाईघाईने मला घासलं, बूच उपसलं, भोकावर ताडपत्रीचा तुकडा ठेवून डांबर फासलं आणि पिकअपमध्ये घालून दोन दिवसांत कोकण गाठलं. भोकाबद्दल बहिणीला एक शब्दही सांगितला नाही. वाटभर मी एकच घोकत होते: पाणी सगळ्यात खोल असेल, तिथे.

पहिल्या सकाळी तोच बसला. खारं पाणी मला नवं होतं, आणि ती खाडी त्यालाही अनोळखी. मी डांबर सुटायची वाट पाहत राहिले, पण गार पाण्यात ते घट्ट बसून होतं. त्याला चांगली हातभर तांबोशी मासळी मिळाली. खुशीत परतल्यावर त्याने मला उचललं नाही, खडकांवरून फरफटत वर ओढलं. डांबराची कड तिथेच सुटली. उरलेलं उन्हाने मऊ केलं.

दुपारी उज्ज्वला बसली.

मला तिला थांबवायचं होतं. थांबवणार कशी? जिताडा मासा मिळेल म्हणून ती किनाऱ्यावरच्या टेकाडाला वळसा घालून पलीकडच्या पाण्यात शिरली. ओहोटी लागली होती. धरणाच्या पाण्याला अशी ओढ नसते. पाणी आम्हाला समुद्राकडे खेचू लागलं आणि त्यातच डांबराचा तुकडा निघून गेला. तिने ओढणी भोकात कोंबली, डब्याने पाणी उपसत राहिली, आणि जाळं बांधायला पाण्यात रोवलेला एक खुंट जवळ येताच त्याला मिठी मारली. टेकाडावरून इंद्रजीतने ते पाहिलं. पोहता येत नसल्यामुळे तो एका म्हाताऱ्या होडीवाल्याकडे धावला. म्हाताऱ्याने इंजिनाची होडी काढून आम्हाला ओढून आणलं.

किनाऱ्यावर उज्ज्वलाने मला पालथी करून ओढणी उपसली. भोकाच्या वितळलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"भिया," तिने भावाला हाक मारली, "हे कधीचं व्हय?"

"चार वर्सं झाले. बैलायच्या पाण्यासाठी पाडलतं."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"तुले वाईट वाटलं असतं."

तिने मला पाण्यात ढकललं.

"आता तू बस. पाण्यातल्या त्या खडकाले हात लावून ये."

म्हातारा तिच्या कानाशी म्हणाला की ओहोटीमुळे तिथे आता कमरेइतकंच पाणी आहे. ती म्हणाली, "त्याले सांगू नका."

इंद्रजीत बसला. भोकावर टाच दाबून तो वल्हवू लागला. ज्या घटकेसाठी मी चार वर्षं काढली, ती आली होती. मी पाणी आत घेतलं. जितकं आलं तितकं सगळं घेतलं, आणि खडकाच्या अलीकडे तळाला गेले. तो बहिणीचं नाव घेऊन ओरडला. मग त्याचे पाय वाळूला लागले.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? कमरेइतक्या पाण्यात उभा राहून तो रडत होता. काठावर उज्ज्वलाही डोळे पुसत होती. तिचं रडणं पाहिलं आणि माझा आनंद तिथेच सरला. इंद्रजीतने माझ्यातलं पाणी ओतलं आणि मला खांद्यावर घेऊन तो बाहेर आला.

मी त्याला माफ केलेलं नाही. पण मित्रांनो, एखादी वस्तू तुमच्या हातून बिघडली, तर पुढे ती ज्याच्या हाती जाणार आहे त्याला आधी सांगा. फुटणाऱ्या वस्तूला माणूस निवडता येत नाही.